राजीखुशीने

नंबर आल्या दिवसापासून मी आमच्या उरवडे गावात चालत नाही, मिरवते. खोटं कशाला बोलू? दुकानात कढीपत्ता आणायला गेले तरी वाटतं, दुकानदारानं विचारावं, "किती नंबर आला म्हणालीस?" त्यानं नाही विचारलं तर कढीपत्त्याच्या निमित्तानं मीच विषय काढते. अकरावीपर्यंत मी वर्गात हात वर करताना कोपर बाकावरच ठेवायचे, म्हणजे बाईंना दिसला तर दिसला, नाहीतर नाही. त्याच मला, सुलक्षणाला, देशभरातल्या पोरांनी दिलेल्या लॉच्या परीक्षेतून नावाजलेल्या कॉलेजात जागा मिळाली! रेल्वेनं दीड दिवस लागतो इतकं लांब. चार मजली लायब्ररी. वेबसाइटवरच्या फोटोत तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारी एक खुर्ची दिसते. ती मी मनातल्या मनात धरून ठेवली होती, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी.

प्रवेशाच्या पानावर तीन बटणं होती. फ्रीझ म्हणजे जागा पक्की. फ्लोट म्हणजे याहून वरचं मिळतंय का बघते. एक्झिट म्हणजे मला नको, मी चालले. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत एक दाबायचं होतं.

आणि पाच वर्षांचे, राहणं-खाणं धरून, अठरा लाख रुपये.

दुसरीकडे पुण्यातलं जुनं कॉलेज. सीईटीच्या मार्कांवर तिथं नक्की लागत होतं. फी अशी की आमच्या सहा खोल्यांच्या भाड्यातून पप्पांनी कुरकुर न करता भरावी. घरून बसनं दीड तास, परत दीड तास. त्या कॉलेजच्या वेबसाइटवर लायब्ररीचा फोटोच नव्हता. होता तो एका समारंभाचा, सगळे शाल पांघरून.

"कर्ज काढू," पप्पा म्हणाले.

आईच्या हातातला झारा तळणीतच थांबला. कारण आमच्या घरी हा शब्द कुणी उच्चारत नाही. जमिनीवर कर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'बोजा' असा शेरा पडतो. "आमच्या सातबाऱ्यावर बोजा न्हाई," हे पप्पा लग्नाकार्यात, पारावर, कंपनीच्या गेटवर, कुठंही सांगतात. काही लोक मुलगा अमेरिकेत आहे हे सांगतात, तसं.

"बघताय काय माझ्याकडं?" पप्पा म्हणाले. "पोरीचा देशात नंबर आलाय. बोजा काय, चढतो तसा उतरतो बी."

मी तिथल्या तिथं उडी मारली. पुरी करपली.

*

ही गोष्ट खरं तर वाचण्याची आहे, म्हणून थोडं मागं जाते.

आमच्या खोल्यांत कंपन्यांत काम करणारे लोक राहतात. कुणी लातूरचं, कुणी परभणीचं, हल्ली बिहारचेही. मी दुसरीत असल्यापासून त्या खोल्यांपुढच्या ओट्यावर बसून लोकांचे कागद मोठ्यानं वाचायचे. लाइटबिल, गॅसचं कार्ड, कंपनीची नोटीस. "ए सुले, जरा वाच गं," अशी हाक आली की हातातला खेळ टाकून पळायचं. वाचायच्या बदल्यात मला चिंचेच्या गोळ्या मिळायच्या. मजकूर कळायचा नाही, पण आवाज असा काढायचे की जणू पंधरा ऑगस्टचं भाषण.

हा आवाज मला शिकवला किमयानं. चार नंबरच्या खोलीत मनीषकाका आणि उषाकाकू राहायचे, त्यांची ही मुलगी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पाण्याच्या मोटारीवरून, दोरीवर कुणी कुणाचे कपडे सरकवले यावरून खोल्यांमध्ये भांडणं व्हायची. मग किमया पिंप उलटं घालून त्यावर बसायची आणि कोर्ट भरवायची. ती जज्ज, मी कारकून. "पूर्णविरामाला थांब. लोकांना श्वास घ्यायला वेळ दे," ती मला सांगायची. पुढं मनीषकाकांनी जवळच्याच चांदे गावात फ्लॅट घेतला. त्यांचा टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी त्या पिंपावर उभी होते. पिंप अजून आहे. त्यात आता आई कोंबड्यांचं खाद्य ठेवते.

आणि याच वाचण्याच्या कौतुकात तिसरीतली ती भाऊबीज झाली.

नथूआजोबा त्याच वर्षी गेले होते. जमिनीला दोन वारस लागले, पप्पा आणि शुभांगीआत्या. आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची, भावानं साडी घ्यायची, आणि माहेर शाबूत राहायचं. पप्पांनी पौडला, तालुक्याच्या कचेरीबाहेर, कागद टाइप करून आणला होता. आत्या पाटावर बसलेली, मांडीवर अंजिरी साडीचा खोका. पप्पा म्हणाले, "सुलेला वाचू द्या. तिच्यासारखं वाचनारं घरात कोन हाय?"

मी पाय जुळवून उभी राहिले. "लिहून देणार," पूर्णविराम, श्वास, "हे हक्कसोडपत्र मी कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने व राजीखुशीने लिहून देत आहे." राजीखुशीनेला तर मी हात वर उचलला. सगळे हसले.

"पप्पा, राजीखुशीनं म्हणजे काय?"

"म्हंजी भांडन न करता."

आत्यानं सही केली. तिचं अक्षर मोठं आणि वाकडं, सातवीतच शाळा सुटली होती. मग तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "काय वाचतीस गं बाय! वकिलीणच व्हनार तू." पप्पांनी मला सोनेरी टोपणाचं पेन दिलं. हे मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आले, की मी वकील व्हायचं कधी ठरवलं, तर त्या भाऊबिजेला. क्लासमधल्या मुलाखतीच्या सरावातही सांगितलं. सरांना आवडलं.

*

बँकेच्या वकिलांनी सोमवारी सातबारा समोर धरला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"शुभांगी कोण?"

"बहीण माझी," पप्पा म्हणाले. "तिनं हक्कसोड केलीया. हा बघा कागद, नोटरीचा लाल शिक्का बी हाय."

"किशोरराव, शिक्का छान आहे. पण हक्कसोड नोटरी करून चालत नाही, रजिस्टर करावी लागते. ही रजिस्टर झालेलीच नाही. बहिणीचा निम्मा हिस्सा जसाच्या तसा आहे."

पप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी वाचण्यात चूक केली होती. आमच्यात कर्ज नाही, म्हणून सातबारा काढायची वेळ नाही. शेतसारा भरायचा, पावती खिळ्याला टोचायची. नऊ वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. कागद टाइप करणाऱ्यानं "बाकीचं करून घेऊ" म्हटलं होतं, ते बाकीचं बाकीच राहिलं.

"तारणासाठी त्यांची संमती लागेल," वकील म्हणाले. "नाहीतर आता हक्कसोडच रजिस्टर करून टाका. पुढची कटकट नको."

बाहेर येऊन गाडीला किक मारताना पप्पा हसले. "घाबरलीस व्हय? शुभी न्हाई म्हननारे का? दोन्ही कागद करून घेऊ. एका फेरीत दोन कामं. तू वाच म्हंजी झालं."

मी मागं बसले. पिरंगुटपर्यंत तोंड ओढणीत खुपसलं. पप्पांना वाटलं वारा लागतोय.

*

त्याच दुपारी मी किमयाला फोन लावला. तीही अशाच मोठ्या कॉलेजात कर्ज काढून शिकली, आणि आता मुंबईत एका मोठ्या फर्ममध्ये आहे.

"सुले! जज्जसाहेबांचा कारकून! ऐकलं मी, आईनं सांगितलं. कसलं भारी!"

"जाऊ का मग?"

"कॉलेज भारीच असतं गं. लायब्ररीसाठी तरी जावं असं." मग ती जरा थांबली. पूर्णविरामाला थांबते तशी. "पण एक सांगू? तुला कोर्टात उभं राहायचंय ना? मलापण होतं. फॅमिली कोर्टात. तिथं पहिली चार-पाच वर्षं मिळतं काय, तर रिक्षाभाडं. हप्त्याला ते चालत नाही. म्हणून फर्म. नाही, पगार चांगलाय, माणसं हुशार आहेत, रडत नाहीये मी."

"मग तिथं करतेस काय?"

"हसशील. सातबारे वाचते."

"काय?"

"खरंच! बिल्डरला जमीन घ्यायची असते, मी कागद तपासते. तुझ्या मुळशीचे, मावळचे, सगळीकडचे. कुणाच्या बहिणीची सही राहिलीये का बघायचं. राहिली असली तर मेल टाकायचा, सिस्टरचं रिलीज डीड घ्या. आपली हक्कसोडच ती. दिवसाला अशा तीन-चार सिस्टर काढते मी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? सुले? रेंज गेली का? अजून सहा वर्षं हप्ता आहे, मग बघ, फॅमिली कोर्ट. पिंप ठेवलंय ना माझं?"

"आहे," मी म्हटलं. "कोंबड्या वापरतात."

*

बुधवारी आम्ही आत्याच्या सासरी, मुठ्याला गेलो. गाडीच्या डिकीत दोन कागद आणि पिशवीत मोरपंखी साडी. आईनं साडी निवडताना एवढंच म्हटलं होतं, "रंग तरी येगळा घ्या."

आत्या खाचरात भाताचं रोप टाकायची तयारी करत होती. कोपरापर्यंत माती. मला बघून तशीच बांधावरून ओरडली, "आली गं माझी वकिलीण! आन हा दाद्या कशाला आनलास संगं? येकटी येत जा की!"

"मी ड्रायव्हर हाय," पप्पा म्हणाले.

तिनं हातपाय धुतले, परातभर करवंदं पुढ्यात ठेवली, चहा टाकला. मग पिशवीतून डोकावणारी साडी तिनं बघितली, आणि चहा ढवळणारा हात जरासा हळू झाला. एवढंच. मी लहान असते तर मला दिसलंही नसतं.

"शुभे, पोरीच्या शिक्षणाचं काम हाय," पप्पा म्हणाले. "दोन सह्या पायजेल. सुले, वाच गं."

मी उभी राहिले. पाय जुळवले. पहिल्या दोन ओळी बरोबर आल्या. मग तो शब्द आला. टाइप करणाऱ्यानं तोच जुना मजकूर उतरवला होता, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी थांबले.

"वाच की," आत्या म्हणाली. "मागल्या वक्ताला न्हवतीस थांबली."

"आत्या, मागच्या वेळी मला यातलं काही कळत नव्हतं," मी म्हटलं. आवाज भाषणाचा नव्हता, नुसताच होता. "तो कागद रजिस्टर झालाच नव्हता. तुझं नाव गेलं नाहीये. निम्मी जमीन अजून तुझी आहे. या कागदावर सही करून कचेरीत अंगठा दिलास की मग जाईल."

"सुले!" पप्पा उठलेच.

"म्हाईत हाय मला," आत्या म्हणाली.

ती आत गेली, कपाटातून साखरेची जुनी पिशवी घेऊन आली. त्यात घड्या घातलेले नऊ कागद. पहिला तलाठ्याच्या अक्षरातला, बाकीचे संगणकाचे. नऊ सातबारे, आमचेच.

"भाऊबिजेच्या आदल्या आठवड्यात पौडला जाते दर साली," ती म्हणाली. "पयल्या साली बघाया गेलते, नाव गेलं का. गेलं न्हवतं. म्हनलं, राहिलं आसंल चुकून, फुडल्या साली जाईल. फुडल्या साली बी व्हतंच. मंग सवयच लागली."

"आन मला बोलली न्हाईस?" पप्पा.

"कशाला बोलू? तू लगीच नाव कमी करून आनलं आसतं." ती हसली. "जिमीन नगं रं दादा मला. आधारवर सासरचं नाव, मतदानाला सासरचं, गॅसला सासरचं. शुभांगी नथू, आसं बापाचं नाव माझ्या नावाफुडं फकस्त हितंच हाय. ते बघते, कागद घेते, येताना भेळ खाते. झाली माझी भाऊबीज."

मी कागद हातात घेतला. एवढे कागद वाचले मी आयुष्यात, पण नाव असं वाचलं नव्हतं. पप्पा दाराकडं तोंड करून करवंदं खात राहिले, बिया थुंकायचं विसरून.

"आन पेन हिकडं," आत्या म्हणाली.

"कशाला?"

"सही कराया. दादासाटी न्हाई, तुझ्यासाटी. नऊ वर्सं बघितलं, पोट भरलं. पर येक सांग मला आदी. त्या लांबच्या कालिजात शिकून तू करनार काय?"

मला किमयाचं हसणं आठवलं. खोटं बोलता आलं असतं. न्यायमूर्ती होणार म्हटलं असतं तरी ती खूश झाली असती.

"कर्ज फिटेपर्यंत मोठ्या कंपनीत नोकरी," मी म्हटलं. "दहा-बारा वर्षं तरी."

"तितं काय काम?"

"सातबारे वाचायचे. कुणाच्या बहिणीची सही राहिलीये का ते शोधायचं. आणि ती घ्यायला लावायची."

आत्या इतकी हसली, इतकी हसली की पदर तोंडात कोंबला. "आगं मंग ते तर तू आजच करतीयास! फुकटात!"

मीही हसले. मग हसता हसता मला रडू आलं, आणि ते लायब्ररीतल्या खुर्चीसाठी होतं, उगाच मोठेपणा नको. तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी मला खरंच हवी होती. अजूनही हवी आहे.

"पप्पा, पुण्याला जाते मी," मी म्हटलं. "सकाळी कॉलेज, दुपारी पौडला एखाद्या वकिलाकडं हाताखाली. बोजा नको."

"लोक काय म्हनतील? नंबर आला आन सोडला?"

"नंबर कुठं जातोय? तो मी सांगतच राहणारे."

"ते खरंय," पप्पा म्हणाले. "उभ्या गावाला पाठ झालाय." मग त्यांनी करवंदांची परात बाजूला सारली. राग होता, मला कळत होतं. त्यांनी लग्नाकार्यांत सांगायला नवीन वाक्य तयार करून ठेवलं असणार. शेवटी त्यांनी दोन्ही कागदांची घडी घालून खिशात टाकली आणि साडी आत्यापुढं सरकवली.

"ही ठेव."

"कागदाबिगर साडी?" आत्या म्हणाली. "सुले, बघ गं, तुझ्या बापाला ताप हाय का?"

*

गुरुवारची वाट बघायची मला हिंमत नव्हती. रात्रभर त्या खुर्चीनं मला वळवलं असतं. "आत्ताच करते," मी म्हटलं, पण आत्याच्या घरात रेंज नाही. ती मला वरच्या पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली. "हितं उबी ऱ्हा. टाकीला टेकून. डावा हात वर."

समोर सगळं खोरं दिसत होतं. खाली पप्पा, खाचराच्या बांधावर, आत्याचं अर्धं राहिलेलं काम बघत. लहानपणी सुट्टीत मी याच टाकीवर चढून बसायचे आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायचे. तेव्हा खोऱ्यात पाट्या दोनच होत्या, शाळेची आणि दवाखान्याची. आता उतारभर बंगले, आणि प्रत्येकाला नाव.

पान उघडलं. फ्रीझ, फ्लोट, एक्झिट. माझं बोट फ्रीझवर जाऊन आलं, एकदा नाही, दोनदा. मग मी एक्झिट दाबलं.

वाटलं, संपलं. पण खाली एक चौकट आली आणि एक इंग्रजी ओळ.

"काय इचारतंय?" आत्यानं मान पुढं घातली.

मी ओळ वाचली, मनातच. मग हसू आवरेना. "आत्या, विचारतंय, हा निर्णय राजीखुशीनं घेताय ना?"

"आस्सं? तितं बी हायच का त्यो शब्द!" तिनं मातीचा वास येणारा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "मंग? हायेस का राजीखुशीनं?"

खोऱ्यातून वारा आला. फोनवरची रेंज एक कांडी कमी झाली.

"नव्वद टक्के," मी म्हटलं.

"आन धा?"

"दहा टक्के खिडकीत बसलेत."

"बसू देत," आत्या म्हणाली. "माझं बी धा टक्के आजून उरवड्यालाच हायेत. काय बिगाडलं?"

चौकटीला नव्वद टक्के कळत नाही. तिला एक तर टिक लागते, नाहीतर ती रिकामी. मी डावा हात आणखी वर केला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं टिक केली. जागा सोडल्याची एक ओळ उमटली.

"आता मोठ्यानं वाच," आत्या म्हणाली, "काय आलंय ते."

मी वाचलं. पूर्णविरामाला थांबून.